एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तींमधील औषध-सातत्य आणि हृद्रोगाचा धोका : एक विवेचन

गोषवारा

विषाणूविरोधी उपचारांमुळे एच.आय.व्ही.चा संसर्ग हा आता दीर्घकालीन परंतु नियंत्रणात ठेवता येणारा आजार झाला आहे. आयुर्मान वाढल्यामुळे या व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा प्रश्न पुढे आला आहे. औषधांमुळेच हृदयाला अपाय होतो ही धारणा अनेक रुग्णांच्या मनात घर करून असते व तिच्यामुळे औषध सोडण्याची प्रवृत्ती बळावते. औषध-सातत्य हे केवळ विषाणूचे नव्हे, तर हृदयाचेही संरक्षण आहे, हे उपलब्ध संशोधनाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. सातत्यातील अडथळे व त्यांवरील उपाय यांचाही महाराष्ट्राच्या संदर्भात विचार केला आहे.

बीजसंज्ञा : एच.आय.व्ही., औषध-सातत्य, हृद्रोग, विषाणूभार, स्टॅटिन, समुपदेशन.

१. प्रस्तावना

भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग १९८६ मध्ये प्रथम चेन्नई येथे आढळून आला. त्यानंतरची सुमारे दोन दशके या आजाराचे निदान म्हणजे मृत्यूची वर्दी असेच समाजात मानले जात होते. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने मोफत ए.आर.टी., म्हणजेच विषाणूविरोधी उपचार, देण्यास प्रारंभ केला. सर्वाधिक प्रादुर्भाव असलेली सहा राज्ये व दिल्ली येथील आठ संस्थांमधून ही सुरुवात झाली. त्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख व्यक्ती एच.आय.व्ही.सह जगत होत्या. त्यांपैकी सुमारे ४ लाख महाराष्ट्रात होत्या व ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती.

२००४ साली तिशीत असताना ज्यांनी पहिली गोळी घेतली, ते रुग्ण आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. क्षयरोग, न्यूमोनिया यांसारख्या संधिसाधू आजारांतून ते वाचले. आता रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार हे वाढत्या वयाचे प्रश्न त्यांच्यासमोर उभे आहेत. ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणानुसार, एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तींमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळतो. या कारणाने जगावर पडणारा आजाराचा भार आधीच्या दोन दशकांत तिपटीने वाढल्याचेही त्यात नमूद आहे.

दक्षिण आशियाच्या संदर्भात या बाबीला अधिक महत्त्व आहे. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात (२००४) दक्षिण आशियाई व्यक्तींना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर अन्य देशांत हे वय सुमारे ५९ असते, असे दिसून आले. म्हणजेच आपल्याकडील रुग्णाच्या बाबतीत दोन धोके एकत्र येतात. एक त्याच्या प्रदेशाचा आणि दुसरा त्याच्या संसर्गाचा.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) औषध-सातत्य ही संकल्पना व तिच्या मोजमापाच्या पद्धती स्पष्ट करणे.
२) एच.आय.व्ही. व हृद्रोग यांच्यातील संबंध समजावून घेणे.
३) औषध खंडित करण्याचे हृदयावर होणारे परिणाम तपासणे.
४) सातत्यातील अडथळ्यांचा शोध घेऊन उपाय सुचविणे.

सदर लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो प्रकाशित संशोधन, अहवाल व मार्गदर्शक तत्त्वे या द्वितीयक साधनांवर आधारित आहे.

३. औषध-सातत्य : संकल्पना व मोजमाप

ठरवून दिलेले औषध, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी व ठरलेल्या पद्धतीने, न चुकता घेत राहणे म्हणजे औषध-सातत्य होय. ए.आर.टी. केंद्रांतील समुपदेशक यासाठी ‘अ‍ॅडहिअरन्स’ हाच शब्द सर्रास वापरतात. या संकल्पनेत केवळ आज्ञापालन अभिप्रेत नाही. रुग्णाने उपचार समजून घेऊन स्वतःच्या संमतीने त्यात सहभागी व्हावे, हा अर्थ तिच्यात अंतर्भूत आहे. डॉक्टरांनी सांगितले म्हणून गोळी घेणारा रुग्ण डॉक्टर दृष्टीआड होताच ती सोडू शकतो. गोळी का घ्यायची हे उमगलेला रुग्ण सहसा ती सोडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दीर्घकालीन उपचारांतील सातत्यावर एक अहवाल प्रसिद्ध केला. विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांपैकी सरासरी निम्मेच औषधे नियमितपणे घेतात, असा त्याचा निष्कर्ष होता. एच.आय.व्ही.च्या उपचारांत मात्र अपेक्षा यापेक्षा कितीतरी अधिक ठेवण्यात आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ९५ टक्के वा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्यांमध्ये विषाणू सर्वांत चांगला नियंत्रणात राहिल्याचे दिसले. तेव्हापासून ९५ टक्के हा जणू दंडकच ठरला.

या टक्केवारीचा व्यवहारातील अर्थ पाहणे उद्बोधक ठरेल. दिवसातून दोन वेळा गोळी असल्यास महिन्याच्या ६० मात्रा होतात. त्यांतील तीनपेक्षा अधिक चुकल्या तर सातत्य ९५ टक्क्यांच्या खाली येते. दिवसातून एकच गोळी असल्यास महिन्यात फक्त एक मात्रा चुकण्यास वाव राहतो.

केंद्रावर हे मोजण्याची सोपी रीत म्हणजे उरलेल्या गोळ्यांची मोजणी. समजा, रुग्णास ३० गोळ्यांची बाटली दिली व तो २८ दिवसांनी परत आला. बाटलीत २ गोळ्या शिल्लक असावयास हव्यात. प्रत्यक्षात ५ निघाल्या, म्हणजे त्याने २८ पैकी २५ गोळ्या घेतल्या. त्याचे सातत्य सुमारे ८९ टक्के झाले. अर्थात ही रीत निर्दोष नाही. रागावले जाण्याच्या भीतीने उरलेल्या गोळ्या घरीच ठेवून किंवा फेकून रिकामी बाटली दाखविणे अशक्य नसते. म्हणून रक्तातील विषाणूभाराची चाचणी हा अधिक विश्वासार्ह निकष होय. राष्ट्रीय कार्यक्रमात ही चाचणी २०१८ पासून नियमितपणे उपलब्ध करून देण्यात आली.

सध्याच्या उपचारात टेनोफोविर, लॅमिवुडिन व डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकाच गोळीत एकत्र असतात व ती दिवसातून एकदा घ्यावयाची असते. डोल्युटेग्रॅविरला विषाणू सहजासहजी दाद देईनासा होत नाही. त्यामुळे क्वचित एखादी मात्रा चुकल्यास पूर्वीइतका धोका राहिलेला नाही, तथापि दीर्घ खंडाला हे औषधही तोंड देऊ शकत नाही. उपचार पूर्णपणे थांबविल्यास बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागतो.

४. एच.आय.व्ही. आणि हृदय

एच.आय.व्ही. हा प्रतिकारशक्तीचा आजार असताना त्याचा हृदयाशी संबंध कसा, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. या संबंधाचे तीन धागे आहेत.

पहिला धागा दाहाचा. विषाणू शरीरात शिरल्यावर आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ पेशींची मोठी हानी करतो. हे अस्तर सच्छिद्र झाल्यामुळे आतड्यातील जीवाणूंचे अंश रक्तात झिरपतात. प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध सतत जागी राहते आणि शरीरात मंद परंतु न थांबणारा दाह निर्माण होतो. या दाहामुळे रक्तवाहिन्यांच्या आतील आवरणाला इजा पोहोचते, तेथे मेदाचे थर साचू लागतात व रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. उपचारांनी विषाणू नियंत्रणात आल्यावर हा दाह बराच शमतो, मात्र तो पूर्णतः नाहीसा होत नाही.

दुसरा धागा औषधांचा. भारतातील आरंभीच्या उपचारात स्टॅव्हुडिन या औषधाचा समावेश होता. गाल बसणे, हातपाय बारीक होणे, पोटावर चरबी साठणे असे बदल त्यामुळे होत. चेहऱ्यावरील या खुणांवरून आजार ओळखला जाईल या भीतीने रुग्ण धास्तावत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली व पुढे ते भारतातूनही वगळले गेले. काही प्रोटीएज-रोधक औषधांमुळे कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड वाढतात. डोल्युटेग्रॅविर हे तुलनेने सुरक्षित असले तरी त्याच्यासोबत अनेकांचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन वाढल्याचे दक्षिण आफ्रिकेतील ‘अ‍ॅडव्हान्स’ या चाचणीत (२०१९) आढळून आले.

तिसरा धागा जीवनमानाचा. तंबाखू, गुटखा, मिसरी, विडी, मद्यपान, मिठाचा अतिवापर, व्यायामाचा अभाव आणि मनावरील ताण हे घटक सर्वसामान्य माणसाप्रमाणेच येथेही काम करतात. निदानानंतरचे एकाकीपण व नैराश्य यांमुळे व्यसनाचा आधार घेण्याची शक्यता वाढते.

युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातील रुग्णांवरील ‘डी.ए.डी.’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २३,४६८ रुग्णांची पाहणी करण्यात आली. उपचाराच्या पहिल्या चार ते सहा वर्षांत, औषध घेतल्याच्या प्रत्येक वर्षागणिक हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात दिसले. झटक्यांची प्रत्यक्ष संख्या अल्प होती आणि अभ्यासकांनी ते स्पष्टपणे नोंदविले होते. तथापि ‘ही औषधे हृदय बिघडवतात’ असा सोपा अर्थ काढणे अवघड नव्हते. मग औषधाला अधूनमधून विश्रांती दिली तर हृदय वाचेल काय, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला.

५. औषध थांबविण्याचा प्रयोग : ‘स्मार्ट’ चाचणी

या प्रश्नाचे उत्तर ‘स्मार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने दिले. ३३ देशांतील ५,४७२ व्यक्तींचा तीत सहभाग होता व सर्वांच्या सीडी-४ पेशी ३५० हून अधिक होत्या. एका गटाने उपचार अखंड चालू ठेवले. दुसऱ्या गटाने औषधे थांबविली व सीडी-४ पेशी २५० च्या खाली गेल्यावर ती पुन्हा सुरू केली. औषधांचे दुष्परिणाम, त्यांत हृदयावरील परिणामही आले, कमी व्हावेत हा या विश्रांतीमागील विचार होता.

प्रत्यक्षात नेमके उलट घडले. औषध थांबविणाऱ्या गटात ५५ मृत्यू झाले, तर अखंड उपचार घेणाऱ्या गटात ३०. हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर विकाराच्या घटना औषध थांबविणाऱ्या गटात ४८ व दुसऱ्या गटात ३१ नोंदविल्या गेल्या. जानेवारी २००६ मध्ये ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. औषध थांबताच विषाणू उसळतो, त्याच्यासोबत दाह वाढतो व रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते, असे या चाचणीतील रक्तनमुन्यांच्या पुढील अभ्यासातून दिसून आले.

या निष्कर्षाचे महत्त्व ओळखताना त्याची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार्ट’ या चाचणीत उपचार लवकर सुरू करणाऱ्यांना एकूण मोठा लाभ झाला. हृदयविकाराच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. त्यातील सहभागी व्यक्तींचे वय तुलनेने कमी होते व हृदयविकाराच्या घटनाही मोजक्याच घडल्या. म्हणून ए.आर.टी. घेतल्याने हृदयविकार टळतोच असे म्हणता येणार नाही. ती मध्येच सोडल्याने हृदयाचा धोका वाढतो, एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते. ‘गोळ्या फार झाल्या, थोडे दिवस बंद ठेवतो’ असे म्हणणाऱ्या रुग्णास समुपदेशकाने द्यावयाचे उत्तर हेच आहे.

६. दुसरी गोळी : ‘रिप्रीव्ह’ चाचणी

अखंड उपचारानंतरही काही प्रमाणात दाह व धोका उरतोच. हा उर्वरित धोका कमी करण्यासाठी कोलेस्टेरॉल घटविणारे स्टॅटिन उपयोगी पडेल काय, हे ‘रिप्रीव्ह’ या चाचणीत तपासण्यात आले. भारतासह बारा देशांतील ४० ते ७५ वयोगटातील ७,७६९ व्यक्ती तीत सहभागी झाल्या. त्यांना हृदयविकाराचा धोका रूढ गणितानुसार कमी ते मध्यम एवढाच होता व एरवी बहुतेकांना स्टॅटिन सुचविलेही गेले नसते. एका गटाला पिटाव्हास्टॅटिन ४ मिलिग्रॅम रोज देण्यात आले व दुसऱ्या गटाला औषधविरहित गोळी.

सुमारे पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या विकारांचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी होते. हेच वेगळ्या भाषेत सांगावयाचे तर १०६ व्यक्तींनी पाच वर्षे हे औषध घेतल्यास एका व्यक्तीचा असा विकार टळतो. स्नायुदुखीसारखी लक्षणे औषध घेणाऱ्यांपैकी २.४ टक्के, तर इतरांपैकी १.४ टक्के व्यक्तींत आढळली. मधुमेहाचे नवे निदान अनुक्रमे ५.३ व ४.० टक्के व्यक्तींत झाले. या निष्कर्षांच्या आधारे अमेरिकेतील मार्गदर्शक तत्त्वांत २०२४ मध्ये या वयोगटासाठी स्टॅटिनची शिफारस करण्यात आली.

रुग्णाशी बोलताना या दोन्ही बाजू सांगणे आवश्यक आहे. ३५ टक्के हा आकडा ऐकून अवास्तव आशा निर्माण होते आणि स्नायू दुखू लागले की ती तितक्याच वेगाने मावळते. लाभ व त्रास यांची कल्पना आधीच दिलेला रुग्ण किरकोळ त्रासाने घाबरून औषध सोडण्याची शक्यता कमी असते.

७. दोन गोळ्या, दोन स्वभाव

एकाच व्यक्तीने एकाच वेळी घ्यावयाच्या या दोन गोळ्यांचा स्वभाव मात्र भिन्न आहे. ए.आर.टी.ची गोळी चुकली तर विषाणूभार वाढतो, तो चाचणीत दिसतो, समुपदेशक विचारणा करतो आणि रुग्णाला पूर्वीच्या आजारपणाची आठवण असते. विषाणू औषधाला दाद देईनासा झाला तर दुसऱ्या श्रेणीच्या उपचाराकडे वळावे लागते. चुकीची किंमत मोठी व लवकर कळणारी असते.

रक्तदाबाची वा कोलेस्टेरॉलची गोळी चुकली तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही. कोलेस्टेरॉल वाढल्याने दुखत नाही. रक्तदाबही बहुधा लक्षणांवाचून वाढतो. स्टॅटिन बंद केल्यावर काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पूर्वपदावर येते, तरीही रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. ‘मला काही होत नाही, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न येथूनच उद्भवतो. शिवाय ए.आर.टी. मोफत मिळते, तिच्यासाठी स्वतंत्र केंद्र व समुपदेशक असतो. हृदयाच्या औषधांसाठी मात्र वेगळा विभाग, वेगळी रांग आणि अनेकदा औषधाच्या दुकानातील खर्च वाट्याला येतो. परिणामी पहिली गोळी निष्ठेने घेणारा रुग्ण दुसरीबाबत उदासीन राहतो. त्याची निष्ठा कमी पडली असे नाही; त्या निष्ठेला आधार देणारी व्यवस्था दुसऱ्या गोळीच्या पाठीशी उभी नसते.

८. सातत्यातील अडथळे

जागतिक आरोग्य संघटनेच्या उपरोक्त अहवालात सातत्यावर परिणाम करणाऱ्या घटकांची पाच गटांत विभागणी केली आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात त्यांचा विचार पुढीलप्रमाणे करता येईल.

अ) सामाजिक व आर्थिक घटक : मराठवाड्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतात व चार-सहा महिने कारखान्यांच्या परिसरातील फडावर राहतात. पहाटे कोयता हाती घेणाऱ्या व मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत उसंत नसणाऱ्या कामगाराने नोंदणीच्या केंद्रावर महिन्याला जाणे म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे कमाईत घट. वीटभट्टी, बांधकाम व वाहतूक क्षेत्रातील कामगारांची स्थितीही याहून वेगळी नाही.

ब) आरोग्यव्यवस्थेशी संबंधित घटक : ए.आर.टी. केंद्र व असंसर्गजन्य रोगांचा विभाग एकाच रुग्णालयाच्या आवारात असूनही त्यांचे केसपेपर, वार व नोंदवह्या स्वतंत्र असू शकतात. गोळ्यांचा साठा अपुरा पडल्यास रुग्णाला थोड्या दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा बोलावले जाते व प्रत्येक फेरीसोबत गळतीची शक्यता वाढते.

क) आजाराशी संबंधित घटक : लक्षणे नसणे हा सर्वांत मोठा अडथळा होय. त्यासोबत नैराश्य, विस्मरण व मद्यपान हेही सातत्य खंडित करतात.

ड) उपचाराशी संबंधित घटक : गोळ्यांची संख्या, वेळा, दुष्परिणाम व पथ्ये यांचा यात समावेश होतो. उपवासाच्या दिवशी गोळी घ्यावी की नाही, असा संभ्रमही पडतो. डोल्युटेग्रॅविरयुक्त गोळी जेवणाशिवायही घेता येते, हे सांगितल्यास तो संभ्रम दूर होतो.

इ) रुग्णाशी संबंधित घटक : आजाराविषयीचे अज्ञान, औषधांची भीती व कलंकाची जाणीव हे घटक येथे येतात. एकत्र कुटुंबात, एका खोलीच्या घरात गोळीची बाटली ठेवावी कोठे, हा प्रश्न बाहेरून क्षुल्लक वाटला तरी रोजचा असतो. विवाहित स्त्रीला सासरच्यांसमोर रोज रात्री गोळी घेताना कारण सांगावे लागते. पाहुणे आले, लग्नकार्यासाठी परगावी मुक्काम पडला, यात्रेला गेले की मात्रा चुकते. विशेष म्हणजे रक्तदाबाची गोळी उघडपणे घेता येते. त्यामुळे काहीजण ‘ही रक्तदाबाचीच गोळी’ असे सांगून ए.आर.टी. घेतात. हृद्रोगाचे निदान अशा वेळी पहिल्या औषधाला आडोसाच पुरवते.

९. कलंकातून उद्भवणारा औषधी धोका

कलंकाचा आणखी एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. भेदभावाच्या भीतीने रुग्ण खासगी डॉक्टरांपासून आपला संसर्ग लपवितो, तर ए.आर.टी. केंद्रावर बाहेरच्या औषधांचा उल्लेख करीत नाही. दोन्ही डॉक्टर आपापल्या माहितीनुसार योग्य औषध देतात, परंतु त्या औषधांचा शरीरात एकत्र आल्यावर होणारा परिणाम कोणाच्याच ध्यानात येत नाही.

दुसऱ्या श्रेणीच्या उपचारातील रिटोनाविर हे औषध यकृतातील एका महत्त्वाच्या विकराचे कार्य रोखते. त्यामुळे सिम्व्हास्टॅटिन व लोव्हास्टॅटिन यांचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढून स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. ही औषधे रिटोनाविरसोबत वर्ज्य आहेत. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन द्यावयाचे झाल्यास मात्रा कमी ठेवावी लागते. पिटाव्हास्टॅटिनच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. डोल्युटेग्रॅविरमुळे मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढते, म्हणून त्याची दैनंदिन मात्रा सामान्यतः १,००० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवली जाते. आम्लपित्तावरील अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त औषधे डोल्युटेग्रॅविरचे शोषण घटवितात. ती घ्यावयाची झाल्यास डोल्युटेग्रॅविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे लागते.

तात्पर्य, सर्व औषधांची एकत्रित यादी डॉक्टरांना दाखविणे हाही सातत्याचाच भाग होय. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने आरोग्यसेवेतील भेदभावास मनाई केली असून माहितीच्या गोपनीयतेलाही संरक्षण दिले आहे. या तरतुदी रुग्णापर्यंत पोहोचल्या तर लपविण्याची गरज काही अंशी कमी होईल.

१०. उपाययोजना

१) गोळ्यांची संख्या कमी करणे : २००१ मध्ये मुंबईस्थित सिप्ला कंपनीने तीन औषधे एकाच गोळीत आणून दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात उपचार देण्याची तयारी दर्शविली. एका वर्षाच्या उपचारास दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येणाऱ्या त्या काळात या घटनेने उपचाराचे चित्र पालटले. हृदयाच्या औषधांबाबतही असाच अनुभव आहे. भारत व युरोपमधील २,००४ रुग्णांवरील ‘अंपायर’ या चाचणीत (२०१३) हृदयाची औषधे एकाच गोळीत देण्यात आली, तेव्हा सातत्य ८६ टक्के राहिले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत ते ६५ टक्के होते.

२) सेवांचे एकत्रीकरण : ए.आर.टी. केंद्रावरील प्रत्येक भेटीत रक्तदाब व वजन मोजणे, तसेच ठरावीक काळाने रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल तपासणे यांस फारसा खर्च येत नाही. टांझानिया व युगांडातील ‘इंटे-आफ्रिका’ या अभ्यासात (२०२३) एच.आय.व्ही., मधुमेह व रक्तदाब यांची सेवा एकाच ठिकाणी देण्यात आली. त्यामुळे विषाणूवरील नियंत्रण खालावले नाही. एकत्रीकरणाने मूळ उपचाराकडे दुर्लक्ष होईल ही शंका त्यामुळे दूर होते.

३) अधिक महिन्यांचा साठा : २०२० च्या टाळेबंदीत स्थिर रुग्णांना एकाहून अधिक महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. स्थलांतरापूर्वी कामगारांना हंगामाचा साठा आणि कारखाना परिसरातील नजीकच्या केंद्राची चिठ्ठी देणे शक्य आहे. रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच पिशवीत दिल्या जाव्यात.

४) सवयीला सवयीची जोड : अनेक वर्षे न चुकता ए.आर.टी. घेणाऱ्या रुग्णाजवळ एक बळकट सवय तयार असते. औषधांच्या वेळा जुळत असल्यास व डॉक्टरांची अनुमती असल्यास नवी गोळी त्याच वेळेला जोडावी. मोबाइलचा गजर, आठवड्याची सात कप्प्यांची डबी व प्रवासासाठी जादा गोळ्या ही साधी साधने उपयुक्त ठरतात.

५) दोषारोपविरहित समुपदेशन : ‘गोळ्या का चुकवल्या?’ असा जाब विचारल्यास रुग्ण खोटे बोलतो. ‘गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी गोळी घेणे अवघड गेले?’ असे विचारल्यास अडचण कळते. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तींच्या स्वमदत गटांचा या कामी चांगला उपयोग होऊ शकतो.

६) जीवनमानातील बदल : तंबाखू सोडणे हा हृदयासाठी सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक आहे. लोणचे, पापड यांतील मीठ कमी करणे व रोज चालणे यांचाही समुपदेशनात समावेश असावा. मात्र हे बदल गोळीला पर्याय आहेत असा समज होऊ देऊ नये.

११. निष्कर्ष व समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या व्यक्तींना हृद्रोगाचा धोका अधिक असतो व त्यामागे विषाणूजन्य दाह, काही औषधे आणि जीवनमान हे तिन्ही घटक आहेत. हृदयाच्या भीतीने ए.आर.टी. थांबविणे हे हृदयालाच घातक ठरते. योग्य रुग्णांत स्टॅटिनसारखे औषध उर्वरित धोका कमी करू शकते, परंतु लक्षणे नसलेल्या आजाराचे औषध घेत राहणे हे स्वभावतःच कठीण असते. सातत्यातील अडथळे केवळ रुग्णाच्या मनात नसून ते घराच्या रचनेत, रोजगाराच्या स्वरूपात व आरोग्यसेवेच्या विभागणीतही असतात.

गेल्या दोन दशकांत ए.आर.टी. केंद्रांनी लाखो रुग्णांना रोज एक गोळी घेण्याची सवय लावली. दीर्घकालीन आजारांच्या उपचारात एवढी शिस्त अन्यत्र क्वचितच आढळते. हे संचित हृदयाच्या संरक्षणासाठी वापरले गेले नाही, तर क्षयरोगातून व विषाणूतून वाचविलेला रुग्ण ऐन पन्नाशीत, टाळता येण्याजोग्या झटक्याने गमावला जाईल. म्हणून ए.आर.टी. केंद्रावरील समुपदेशकाने यापुढे प्रत्येक भेटीत विषाणूभारासोबत रक्तदाबाचा आकडाही विचारावा आणि रुग्णाच्या हाती दोन्ही औषधे एकाच खिडकीतून पडावीत, एवढी किमान व्यवस्था उभी राहणे अगत्याचे आहे.